‘लीव्ह साइट?’ आणि ‘कन्फर्म फॉर्म रीसबमिशन’: दिसायला सारख्या, कामाला वेगळ्या

पान रिफ्रेश करताना किंवा टॅब बंद करताना क्रोम मध्येच एक चौकट दाखवतो. तिच्यावर कधी ‘लीव्ह साइट?’ किंवा ‘रीलोड साइट?’ असते, कधी ‘कन्फर्म फॉर्म रीसबमिशन’. बहुतेक जण न वाचताच होकाराचे बटण दाबतात. पहिल्या चौकटीत असे केले तर लिहिलेला मजकूर जातो. दुसरीत केले तर आधी झालेले काम पुन्हा होते, आणि ते काम पैसे भरण्याचे असेल तर पैसे दोनदा जाऊ शकतात.

पहिली चौकट साइटने मागितलेली असते. पानातली स्क्रिप्ट (पानाबरोबर चालणारा छोटा प्रोग्रॅम) ‘बिफोरअनलोड’ या इव्हेंटमधून, म्हणजे पान सुटण्याआधी मिळणाऱ्या इशाऱ्यातून, ब्राउझरला सांगते, ‘जाऊ देण्याआधी विचार.’ वाक्य मात्र ब्राउझरचे असते. पूर्वी साइटला स्वतःचा मजकूर दाखवता यायचा. फसव्या पानांनी त्याचा वापर लोकांना घाबरवण्यासाठी केला. २०१६ मध्ये क्रोम ५१ आणि फायरफॉक्स ४४ पासून ती सोय बंद झाली. शिवाय पानावर एकदाही क्लिक किंवा टाइप केले नसेल, तर आजचे ब्राउझर ही चौकट दाखवत नाहीत. तीच साइट एकदा विचारते आणि एकदा विचारत नाही, त्याचे हे एक कारण.

दुसरी चौकट ब्राउझरची स्वतःची. समोरचे पान फॉर्म ‘पोस्ट’ पद्धतीने (भरलेली माहिती सर्व्हरला सोपवणारी विनंती) पाठवल्यावर उत्तर म्हणून आले असेल, तर रिफ्रेश करणे म्हणजे तोच फॉर्म सर्व्हरला पुन्हा पाठवणे. सर्व्हर त्याचे काय करील हे ब्राउझरला कळत नाही, म्हणून तो विचारतो. बॅक बटणाने अशा पानावर परतलात तर चौकटीऐवजी इशाऱ्याचे अख्खे पानच येऊ शकते. क्रोममध्ये त्यावर ‘ईआरआर कॅश मिस’ असा कोड असतो.

इथे घाईने ‘कंटिन्यू’ दाबू नका. कॅन्सल करा, अ‍ॅड्रेस बारमध्ये क्लिक करून एंटर दाबा. पान साध्या ‘गेट’ विनंतीने (फक्त पान मागणारी) येते, फॉर्म जात नाही. काही साइटवर त्या पत्त्यावर एरर दिसेल, कारण तिथे फक्त पोस्ट चालते. तेव्हा मुख्य पानावरून आत जाऊन ऑर्डर किंवा व्यवहारांच्या यादीत काम झाले का ते पाहा.

‘लीव्ह साइट?’ आली तर कॅन्सल करून मजकूर सेव्ह झाला का ते तपासा. सेव्ह होऊनही चौकट येतच असेल तर दोष साइटचा. बिनधास्त बाहेर पडा. ही चौकट बंद करणारी सेटिंग क्रोममध्ये नाही. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट कॉन्फिग’ हे प्रगत सेटिंगचे पान उघडून ‘बिफोरअनलोड’ शोधा आणि ‘डिसेबल बिफोरअनलोड’ची किंमत ‘ट्रू’ करा. पण मग ईमेल किंवा लेख अर्धवट असतानाही कोणी अडवणार नाही, म्हणून कायमची बंद ठेवू नये असे आमचे मत. एखादे फसवे पान सोडतच नसेल, तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्या टॅबची प्रक्रिया थांबवा. स्क्रिप्टच मेल्यावर विचारणार कोण?

साइट बनवणाऱ्यांनी बिफोरअनलोडचा लिसनर (त्या इव्हेंटची वाट पाहणारा कोड) पान उघडताच लावू नये. पहिला बदल झाला की लावावा, सेव्ह होताच काढावा. सबमिट करतानाही काढावा, नाहीतर ‘पाठवा’ दाबणाऱ्यालाच ‘जायचे का?’ असे विचारले जाते. मोबाइलवर या इव्हेंटचा भरवसा नाही. तिथे मसुदा आपोआप सेव्ह करणे हाच उपाय.

दुसऱ्या चौकटीचा उपाय सर्व्हरवर आहे. पोस्ट स्वीकारल्यावर थेट पान न पाठवता ३०३ कोडने (‘उत्तर दुसऱ्या पत्त्यावर गेटने मागा’ असे ब्राउझरला सांगणारा) दुसऱ्या पत्त्यावर वळवा. मग रिफ्रेश केले तरी फक्त पावतीचे पान पुन्हा येते. ३०७ वापरू नका, तो पोस्ट तशीच पुढे नेतो. शोधाचा फॉर्म मुळातच गेट ठेवा. मात्र ३०३ मुळे सबमिट बटणावरचा दुहेरी क्लिक थांबत नाही. त्यासाठी प्रत्येक फॉर्मबरोबर एकदाच चालणारे टोकन (ओळखीची खूण) द्या आणि तेच टोकन पुन्हा आले तर सर्व्हरने नवा व्यवहार न करता आधीचाच निकाल दाखवावा.