ड्रेस घेण्याआधी क्लास ठरवा

जून उजाडला की काउंटरवर एकच मागणी असते, "मुलाला कराटेचा ड्रेस द्या." चार दिवसांनी तोच ड्रेस धुऊन, पाय आखूड करून परत येतो, कारण क्लास तायक्वांदोचा निघतो. कराटेचा कोट पुढून उघडा, डावी बाजू वर घेऊन नाडीनं बांधायचा. तायक्वांदोचा बहुतेक क्लासमध्ये डोक्यातून घालायचा, व्ही गळ्याचा. ज्युदोत कोट धरूनच ओढतात, म्हणून त्याची वीण जाड. तिथं कराटेचं पातळ कापड खांद्यात उसवतं. धुतलेला किंवा आखूड केलेला ड्रेस आम्ही बदलून देत नाही. तो दुसऱ्या मुलाला नवा म्हणून विकणं आम्हाला पटत नाही.

क्लास कसा निवडायचा, हेही रोज विचारलं जातं. भिंतीवरची पदकं बघून ठरवू नका, दोन दिवस पूर्ण तास बसून बघा. बोर्डावर नाव असलेले सर स्वतः शिकवतात, की मोठी मुलं लहानांना शिकवतात? सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं अंग मोकळं करण्यात जातात का? सहा वर्षांच्या पोरासमोर चौदाचा मुलगा उभा करतात का? सगळ्यात महत्त्वाचं, फेकायच्या आधी पडायला शिकवतात का? पाठीवर पडताना हनुवटी छातीला आणि हात तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम आपटायचा. हे न शिकलेलं मूल नुसता तळवा टेकतं आणि मनगट जायबंदी होतं. उघड्या फरशीवर फेकाफेक चालली असेल किंवा पालकांना बसू देत नसतील, तर तिथं मूल घालूच नका.

बेल्टच्या परीक्षेची फी वेगळी असते, ती आधीच विचारा. वर्षात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. नेमानं सराव करूनही तीन-चार वर्षं सहज जातात.

पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकायचा असेल तर सुरुवात लाठीपासून. लाठी केवढी हवी ते वस्तादांना विचारूनच आमच्याकडे या. कुस्तीला लंगोट पुरे, फक्त हौद्यातली माती रोज खणतात का ते बघा. ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल मातीही खणली नाही की दगडासारखी बसते.

ड्रेससाठी मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून आणा. 130 असेल तर 140 चा घ्या, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. लेबल न काढता आधी सरांना दाखवा. ते हो म्हणाले की धुवा, मग पाय आखूड करायला आमच्याकडे आणा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.