पन्नी शाबूत म्हणजे माल अस्सल?

‘पाकिटावरची पारदर्शक पन्नी शाबूत असेल तर सिगारेट अस्सल’, असा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय; नागपूरच्या पानठेल्यांवरही तेच ऐकू येतं. पन्नी असते ती तंबाखूतला ओलावा टिकवायला. मे महिन्यात उघडं पाकीट नुसतं ठेवून बघा, तंबाखू कुरकुरीत होऊन टोकातून गळू लागतो.

मशीन पाकिटाभोवती फिल्म गुंडाळतं, टोकांच्या घड्या घालून त्या गरम पट्ट्यांनी चिकटवतं. अत्तराचे, पत्त्यांचे खोकेही असेच गुंडाळतात. नागपूरच्या इतवारी बाजारात एखादा हातात घेऊन घड्या पाहा. म्हणजे असं मशीन नकली मालवाल्यालाही मिळू शकतं.

त्यापेक्षा सचित्र इशारा बघा (अस्सल सिगारेटही अपायकारकच!). कायद्याने तो पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंच्या 85 टक्के भागावर हवा. नसेल तर विक्री बेकायदा. असला तरी खात्री नाही, चित्रही छापता येतं.