शाहिराची शाल आणि त्यामागची साडेतीनशे वर्षं

पुण्यात जुन्या शाहिराचा सत्कार म्हटलं की शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी आणि पाकीट ठरलेलं. पाकिटाला शाहिरीतला जुना शब्द आहे, बिदागी. ती कोण देतो, यावर शाहीर काय गाणार हे ठरत आलंय.

आज हाती असलेल्या सगळ्यांत जुन्या पोवाड्यांपैकी एक अगिनदासाचा, अफजलखानाच्या वधावरचा. प्रसंग १६५९ चा. जिजाबाईंच्या सांगण्यावरून तो रचला आणि बिदागी म्हणून घोडा अन् शेरभर सोन्याचा तोडा मिळाला, असं सांगतात. सिंहगडाचा, तानाजीचा पोवाडा शाहीर तुळशीदासाचा.

पेशवाईत शाहिरांची पावलं पुण्याकडे वळली. सोलापूरचा राम जोशी, संगमनेरचा अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर. दुसऱ्या बाजीरावाला लावणीचा नाद, त्यामुळे लावणीचा भाव चढला. (फंदीला मात्र अहिल्याबाईंनी तमाशातून कीर्तनाकडे वळवलं म्हणतात. आश्रयदात्याचा शब्द तो!) प्रभाकरानं १७९५ ची खर्ड्याची लढाई गायली. पुढं १८१७ मध्ये शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरला आणि बिदागी देणारा हातच गेला.

मग ऐकणारा बदलला. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा रचला तो दरबारासाठी नव्हे. त्यांचे राजे 'कुळवाडीभूषण', म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण होते. १८९१ मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे छापून काढले. तोवर ते गोंधळ्यांच्या तोंडी जगले होते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर सभेआधी शाहीर हवाच, कारण मैदान तोच भरवायचा.

आता मंडळाची सुपारी असते. पण मला शाहिरापेक्षा त्याच्या मागं उभा असलेला झीलकरी बघायला आवडतो. हाती तुणतुणं, नाहीतर झांज. शाहिराची ओळ संपली की तो 'जी जी रं जी' उचलतो आणि लांबवतो. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो. मधेच गाणं तोडून शाहीर साध्या बोलीत गोष्ट सांगायला लागला, खान शामियान्यात शिरला, की तुणतुणं बारीक वाजत राहतं. शाहिरीच्या इतिहासात नावं राहिली ती शाहिरांची. झील धरणाऱ्यांची फारशी नाहीत. सत्काराच्या पत्रिकेतही ती 'आणि सहकारी' एवढ्यातच आटोपतात.

गणपतीतल्या दमट हवेत डफाचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. पाहुण्यांची भाषणं लांबली की मांडवाच्या कडेला झीलकऱ्यांतलाच कुणीतरी हॅलोजनच्या दिव्यापाशी डफ धरून उभा दिसतो, मधूनमधून बोटानं वाजवून बघत.