अर्धं भिंग झाकलं तर?

बहिर्गोल भिंगानं खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडायची आणि विचारायचं, 'भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला तर काय होईल?' मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारलाय. विज्ञान शिकलेली माणसंही बेधडक सांगतात, 'अर्धी प्रतिमा जाईल.' मग कोणती अर्धी, यावर वाद. 'प्रतिमा उलटी असते, म्हणून खालची', असं म्हणणारा तर जिंकल्याच्या थाटात बघतो.

प्रत्यक्षात प्रतिमा अख्खी राहते. उजेड निम्मा होतो, बस्स.

करून पाहा. दिवसा खोलीतले दिवे बंद करा, खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि हळूहळू मागेपुढे सरकवा. एका जागी भिंतीवर एकदम चिमुकली खिडकी उमटते. उलटी, रंगीत, बाहेरच्या झाडाच्या हलत्या पानांसकट. (स्फटिकाच्या गोळ्यात भविष्य बघणाऱ्यांनाही एवढंच दिसतं: मागची खोली, उलटी.) आता भिंगावर बोट आडवं धरा. चित्रात बोट कुठेच दिसत नाही, चित्र जरासं मंदावतं इतकंच.

गैरसमजाचं मूळ पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत आहे. वस्तूच्या टोकापासून दोन किरण निघतात, एक अक्षाला समांतर, दुसरा भिंगाच्या मध्यातून, आणि जिथे भेटतात तिथे प्रतिमा. हे दोन किरण निवडले ते केवळ काढायला सोपे म्हणून. खरं पान सगळ्या दिशांना प्रकाश फेकत असतं. त्याच्या टोकाकडून निघालेला प्रकाश भिंगभर पसरतो आणि भिंग तो सगळा पुन्हा एका ठिपक्यात गोळा करतं. म्हणजे भिंगाचा प्रत्येक तुकडा अख्खं चित्र काढतो. उन्हात डोळ्याची बाहुली 2 मिलिमीटरपर्यंत आकसते, तरी जग कडेनं कापलं जात नाही. हबल दुर्बिणीच्या मुख्य आरशाला मधोमध भोक आहे, पण तिनं टिपलेल्या दीर्घिकांना नाही.

पण इतके सगळे किरण नेमके एकाच ठिपक्यात का भेटतात? हा माझा सगळ्यात आवडता भाग, थोडं गणित सोसा.

प्रकाश कमीत कमी वेळाची वाट धरतो, असं फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी 1662 मध्ये मांडलं. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतच्या अनेक वाटांना सारखाच वेळ लागत असेल, तर प्रकाश त्या सगळ्या वाटांनी जातो. भिंग घडवायचं म्हणजे वाटांचे वेळ सारखे करायचे.

समजा, भिंग 4 सेंटिमीटर रुंद आहे, वस्तू 30 सेंटिमीटरवर आणि प्रतिमा पलीकडे 15 सेंटिमीटरवर. भिंगाच्या मधून जाणारी वाट सरळ आहे. कडेवरून जाणारी तिरकी, म्हणून लांब. पायथागोरस लावला तर ती जवळपास 2 मिलिमीटरनं जास्त भरते. आता मधल्या किरणाला तेवढंच रखडवायला हवं. काचेत प्रकाश हवेतल्यापेक्षा दीडपट सावकाश जातो, म्हणजे 4 मिलिमीटर काच ओलांडायला 6 मिलिमीटर हवेइतका वेळ लागतो. झाला 2 मिलिमीटरचा उशीर! म्हणून भिंग मध्यभागी कडेपेक्षा 4 मिलिमीटर जाड हवं. 10 सेंटिमीटर नाभीय अंतराच्या अशा भिंगाची जाडी मोजा, साधारण तेवढीच भरेल. भिंगाचा फुगीरपणा म्हणजे गोठवलेला उशीर.

अंतर्गोल आरशात काच आड येत नाही, तिथे फक्त वाटांची लांबी जुळवायची. लांबच्या ताऱ्यासाठी त्याला अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) आकार लागतो. हबलचा 2.4 मीटरचा आरसा कडेला जेमतेम 2.2 मायक्रोमीटरनं जास्त सपाट घासला गेला होता, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी. पॉलिश अप्रतिम, पण आकार चुकलेला, कारण मोजणाऱ्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिलिमीटर जागचं हललं होतं. कडेचे आणि मधले किरण वेगवेगळ्या ठिकाणी भेटू लागले आणि तारे फिसकटले. 1990 मध्ये अवकाशात गेलेल्या दुर्बिणीला डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी जाऊन, म्हणावं तर, चष्मा लावला.

चष्म्यावरून एक राहिलं. चष्म्याच्या काचांचा वरचा भाग झाकला, तर वरचं दृश्य खरोखरच जातं! कारण डोळ्यातल्या पडद्यावर उमटणाऱ्या प्रतिमेत झाडाच्या शेंड्याकडून बाहुलीत शिरणारा प्रकाश काचेच्या काही मिलिमीटरच्या एका तुकड्यातूनच आलेला असतो, आणि बुंध्याकडचा दुसऱ्या तुकड्यातून. बाहुली एवढीशी, काच तिच्यापासून दूर आणि तिच्याहून कितीतरी मोठी. बायफोकल चष्मा याच्याच जोरावर चालतो: वरून लांबचं बघा, खालून पेपर वाचा.