वाळीत टाकायचा हक्क कुणाला? : थोडी पार्श्वभूमी

धर्मस्वातंत्र्य म्हटलं की सरकार विरुद्ध भाविक असंच डोळ्यासमोर येतं, पण कोर्टात खरी गोची झाली ती समाजाचं स्वातंत्र्य मोठं की त्याच समाजातल्या एकट्या माणसाचं, यावर.

1949 मध्ये मुंबई प्रांतात खेर सरकारने कायदा केला, की कुठल्याही जातीला वा धर्मसमाजाला आपल्या माणसाला बहिष्कृत करता येणार नाही. दाऊदी बोहरा या शिया मुस्लीम पंथाचे 51 वे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन याविरुद्ध कोर्टात गेले. बोहऱ्यांमध्ये या बहिष्काराला 'बरात' म्हणतात आणि ती मशिदीत येऊ नको एवढ्यावर थांबत नाही, सोयरीक बंद, समाजाच्या कब्रस्तानात जागा नाही, घरचेसुद्धा बोलायला घाबरतात कारण बोललं तर पुढचा नंबर आपला.

हायकोर्टात कायदा टिकला पण 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 मताने रद्द केला. धार्मिक कारणावरून कुणाला बाहेर काढणं हा पंथाचा आतला कारभार, त्याला घटनेच्या कलम 26 चं (पंथांना आपला धार्मिक कारभार स्वतः चालवायचा हक्क) संरक्षण आहे, असं बहुमत. एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरोधात, त्यांनी बहिष्कृताची गत थेट अस्पृश्यतेशी जोडली. मला तेच पटतं. पंथाने म्हणावं ना की हा आमचा नाही, पण आईबापाच्या मयतीला पण जाऊ देणार नाही ही कसली श्रद्धा?

नंतर असगर अली इंजिनियर वगैरे सुधारणावाद्यांनी विषय धगधगत ठेवला, 1986 मध्ये फेरविचाराची याचिका गेली आणि पडून राहिली.

आणि हे फक्त बोहऱ्यांचं नाही हां. रायगडात गावकीने वाळीत टाकलेली कुटुंबं, दुकानदार माल देईना, लग्नाला बोलावणं नाही, जातपंचायतींचे दंड, हे सगळं आपल्याच घरचं. 2013 मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा वडिलांनीच खून केला, तेव्हापासून अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) जातपंचायतींविरुद्ध मोहीमच उघडली. त्यातून 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, जुलै 2017 पासून लागू, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

बोहऱ्यांची केस मात्र 2023 पर्यंत तिथेच होती. फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायाधीशांनी 1962 च्या निकालाचा फेरविचार व्हायला हवा असं म्हणून ती शबरीमलावाल्या (मंदिरातल्या स्त्रीप्रवेशाच्या केसमधून नेमलेल्या) नऊ जणांच्या पीठाकडे पाठवली, म्हणजे 1986 पासून मोजलं तर 37 वर्षांनी नुसतं टेबल बदललं.