मालकीच्या जमिनीवरचं लाकूड आणि आयकर : पार्श्वभूमी

मालकीच्या रानातलं झाड विकलं तर त्या पैशावर आयकर लागतो का, याचं उत्तर आजही सर्वोच्च न्यायालयाच्या 1957 च्या एका निकालाच्या आधाराने दिलं जातं. शेतीचं उत्पन्न 1886 च्या कायद्यानेच आयकरातून वगळलं आणि 1922 व 1961 च्या कायद्यांनी ती सूट पुढे चालवली. मात्र ‘शेती’ कशाला म्हणायचं हे कोणत्याच कायद्याने सांगितलं नाही. भाताबद्दल कुणी वाद घातला नाही, तो पेटला जंगलावरून.

1957 चा निकाल अशाच वादातला. बंगालमधल्या एका जमीनदाराचं 6,000 एकर जंगल होतं. त्यात साल आणि पियासाल हे वृक्ष होते, तेही मूळचे आपोआप वाढलेले. 1944-45 च्या आकारणीत त्याच्या लाकूडविक्रीचे 51,798 रुपये करपात्र धरले गेले. अंतिम अपिलात कसोटी ठरली ती अशी : नांगरणी, पेरणी, लागवड ही मूळ कामं माणसाच्या मेहनतीने जमिनीवर झालेली असली पाहिजेत. निंदणी, छाटणी, राखण, तोड ही कामं मूळ कामांना जोडून आली तर शेतीत मोडतात, नुसती तेवढीच केली तर नाही.

आकारणी करणारे आणि सल्लागार दोघेही इथेच थांबतात. निकाल मात्र पुढेही आहे आणि तो जमीनदाराच्या बाजूने लागला आहे. दीडशे वर्षांच्या जंगलात उजाड झालेल्या जागी मालकांनी नवी झाडं लावून जोपासली होती आणि हा भाग नगण्य मानता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. लावलेली झाडं किती आणि आपोआप आलेली किती, याची चौकशी आयकर खात्याने वेळीच केली नव्हती. इतक्या वर्षांनी ती करायला लावणंही योग्य वाटलं नाही, म्हणून खात्याचं अपील फेटाळलं गेलं. आज पुराव्याचा सगळा भार शेतकऱ्यावर टाकताना याच निकालाचा दाखला दिला जातो, हे मला अन्यायाचं वाटतं.

महाराष्ट्रात 30 ऑगस्ट 1975 रोजी मोठी खासगी वनं सरकारजमा झाली. उरली ती बांधावरची, वरकसातली (उताराच्या हलक्या जमिनीतली), परसातली झाडं. त्यांना ही कसोटी नीट बसत नाही. साग तोडला की बुंध्याला फुटवे येतात. त्यातला सरळ फुटवा राखून बाकीचे काढले जातात. हे झाड लावलेलं म्हणायचं की आपोआप आलेलं? ऐन, किंजळ ही झाडं तर स्वतःहूनच उगवतात आणि राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) वर्षानुवर्षं त्यांची कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडली जातात. अशा वेळी सातबाऱ्यावरची झाडांची नोंद आणि रोपवाटिकेची पावती हेच हाताशी राहतं. पावती बहुतेकांकडे नसते.

दुसरा वाद मुळांचा. केरळमधल्या चहामळ्यातली सावलीची जुनी झाडं विकली गेली, तेव्हा 1966 मध्ये ती रक्कम भांडवली, म्हणजे उत्पन्न नव्हे तर मालमत्ता विकल्याची, ठरली. पुढे 1972 मध्ये, दुसऱ्या एका प्रकरणात, बुंधे राखून पुन्हा फुटतील अशा बेताने तोड केलेली असल्यामुळे, तिथली मिळकत महसुली, म्हणजे नेहमीचं उत्पन्न, मानली गेली. म्हणजे करारात ‘मुळासकट’ लिहिलं आहे की नाही, याने फरक पडतो.

1973 पासून शेतीचं करमुक्त उत्पन्नही कराचा दर ठरवण्यापुरतं इतर उत्पन्नात मिळवलं जातं. शेतीचं निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांपेक्षा जास्त आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे असेल, तर ही मिळवणी होते. लाकडाच्या बाबतीत ती जाचक आहे, कारण वीस-पंचवीस वर्षांची वाढ एकाच वर्षाच्या खात्यात पडते. पगारदार मुलाच्या नावावर जमीन असेल तर त्याच्या पगारावरचा कर वाढतो.

लाकडाच्या विक्रीवेळी खरेदीदाराकडून कर गोळा करण्याची पद्धत 1988 ची. तो कर खरेदीदाराच्या नावे जमा होतो. विकणाऱ्याचं उत्पन्न करपात्र आहे असा त्याचा अर्थ नाही. दर अडीच टक्के होता, एप्रिल 2025 पासून दोन टक्के झाला. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात शेती उत्पन्नाची व्याख्या जवळपास तीच आहे आणि ‘शेती’ची व्याख्या त्यातही नाही.