‘क्वाएट टाइम’ आला कुठून?

‘आज क्वाएट टाइम झाला का?’ ख्रिस्ती तरुणांच्या सहभागितेत, म्हणजे फेलोशिपमध्ये, हा प्रश्न ‘जेवलास का?’ इतक्या सहज विचारला जातो. क्वाएट टाइम म्हणजे रोजच्या एकट्याच्या वाचन-प्रार्थनेची वेळ. उत्तर ‘नाही’ असेल तर मान थोडी खाली जाते. या प्रश्नात चार गोष्टी न बोलता धरलेल्या असतात. वेळ सकाळची, माणूस एकटा, वाचन मनातल्या मनात, आणि पुढ्यात कुणीतरी ठरवून दिलेला उतारा. पवित्र शास्त्रात या चारही गोष्टी एका जागी कुठेच सांगितलेल्या नाहीत. सुटे आधार मात्र आहेत. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात जातो, दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकतो, ११९ व्या स्तोत्राचा कर्ता सात वेळा स्तुती करतो, यहोशवाला तर रात्रंदिवस मनन करायला सांगितलं आहे. चौघांचं वेळापत्रक चार तऱ्हांचं. त्यांची मोट बांधून एक ‘सवय’ तयार झाली ती बरीच उशिरा, आणि त्यातलं बहुतेक काम १८४१ ते १९४५ या शंभरेक वर्षांत झालं.

त्याआधीचा काळ लांब आहे, पण इथे थोडक्यात पुरे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अगदी सुरुवातीच्या एका शिक्षणपुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. सहाव्या शतकात इटलीत लिहिलेल्या मठाच्या नियमांत रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा आठ प्रार्थना आहेत आणि आठवड्यात सगळी १५० स्तोत्रं पुरी व्हावीत असा हिशोब आहे. त्या नियमांतली एक ओळ मला फार माणसातली वाटते. उठताना भावांनी एकमेकांना हळूच धीर द्यावा, कारण झोपाळू माणसं सबबी सांगतात. सातत्याचा प्रश्न तेव्हाही होताच. फक्त तो एकट्याच्या निर्धारावर सोडलेला नव्हता. घंटा होती, शेजारी उठवणारा भाऊ होता आणि उशिरा येणाऱ्याला वेगळ्या जागी उभं राहावं लागे.

१५४९ मध्ये इंग्लंडच्या मंडळीने या आठ प्रार्थनांच्या दोन केल्या, सकाळची आणि संध्याकाळची. स्तोत्रं महिन्यात एकदा, जुना करार बहुतांशी वर्षातून एकदा, नवा करार तीनदा. वर्षाला बांधलेलं वाचन सामान्य माणसाच्या भाषेत आलं ते इथे. पण तेही देवळात, मोठ्याने आणि सगळ्यांबरोबर. पुढे १६४७ मध्ये स्कॉटलंडच्या मंडळीने कौटुंबिक उपासनेचे नियम काढले आणि ती टाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाला समज द्यायची तरतूद केली. एकांतातली प्रार्थना त्यात आहे, पण नियमांचा मोठा भाग घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसण्याचा आहे.

जर्मनीतल्या हेर्नहूट गावाची गोष्ट थोडी वेगळी. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी तिथल्या पुढाऱ्याने दुसऱ्या दिवसासाठी एक बोधवचन दिलं. ते सकाळी घरोघर जाऊन सांगायचं, असा पायंडा पडला. १७३१ पासून वर्षभराची वचनं आधीच चिठ्ठ्या टाकून काढून छापायला लागले. ते छोटं पुस्तक तेव्हापासून दरवर्षी निघतं, आज ५० हून अधिक भाषांत. आपण ज्याला ‘दैनिक वचन’ म्हणतो त्याचा हा थेट पूर्वज. पण पहिल्या काही वर्षांत ते वाचायचं नव्हतं, दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मग येतं १८४२. स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या एका तरुण पाळकाने, म्हणजे पास्टरने, आपल्या मंडळीसाठी वर्षभराचं वाचनाचं वेळापत्रक तयार केलं. रोज चार अध्याय. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तीनच महिन्यांत, मार्च १८४३ मध्ये, तो २९ व्या वर्षी वारला. वेळापत्रक मात्र अजून चालू आहे. त्याच्या प्रस्तावनेत त्याने आधी धोके सांगितले आणि मग फायदे, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं. वाचन नुसता उपचार होईल, ठरलेला भाग संपवला की स्वतःच्या धार्मिकपणाचं समाधान वाटेल, घाईत डोळे फिरवले जातील, आणि काहींना हे सगळं न पेलणारं जोखड होईल, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं. ज्याला सवय लावायची आहे त्याने वेळापत्रकाच्या आधी ही चार वाक्यं वाचावीत, असं मला वाटतं. छापणारे ती बहुधा गाळतात.

आदल्याच वर्षी, १८४१ मध्ये, ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या एका सेवकाने आपला क्रम बदलला होता. दहा वर्षं तो सकाळी उठून तयार झाला की थेट प्रार्थनेला बसत असे, आणि दहा मिनिटं, पाव तास, कधी अर्धा तास मन भरकटण्यातच जाई, अशी कबुली त्याने दिली आहे. मग त्याने आधी वचन वाचून त्यावर विचार करायचा आणि त्यातूनच प्रार्थना उमटू द्यायची असं ठरवलं. ‘आधी वाचन, मग प्रार्थना’ हा आज सर्रास शिकवला जाणारा क्रम लोकांपर्यंत पोचवण्यात या कबुलीचा वाटा मोठा आहे. आज्ञा म्हणून तो कुणी दिलेला नव्हता. एका माणसाच्या भटकणाऱ्या मनावरचा तो उपाय होता.

१८७९ मध्ये लंडनमधल्या एका बालसंस्थेने मुलांसाठी रोजच्या उताऱ्याचं कार्ड काढलं. लगेच पुढच्या दशकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची चळवळ उभी राहिली आणि तिथे ‘मॉर्निंग वॉच’ हा शब्द घोषणेसारखा चालू लागला. ‘वॉच’ म्हणजे इथे घड्याळ नव्हे, पहारा. मराठीत हा अर्थ आयता जुळतो, कारण प्रहर आणि पहारा हे एकाच घरचे शब्द, आणि रात्रीच्या प्रहरी देवाचं चिंतन करणं स्तोत्रांतही आहे. या विद्यार्थ्यांना देव हवा होता, पण अंथरूण सुटत नव्हतं. त्यांच्यातल्या एकाने गजराच्या घड्याळाला मासे धरायच्या गळाची दोरी अशी जोडली की गजर झाला की अंगावरचं पांघरूणच ओढलं जाई. या किश्शावर लोक हसतात आणि पुढे जातात. मला तो सगळ्या इतिहासाचा सांधा वाटतो. मठात जे काम शेजारचा भाऊ करत होता, ते आता खोलीत एकट्या राहणाऱ्या मुलाला यंत्राकडून करून घ्यावं लागलं.

आता ‘क्वाएट टाइम’. मराठीत याला शांत वेळ, एकांत, मनन, वैयक्तिक उपासना, डिव्होशन असं काहीही म्हणतात आणि सगळ्यांचा अर्थ एकच समजतात. तो एक नाही, आणि गोंधळ इथेच आहे.

१९१० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांत काम करणारा एक सेवक पुरता दमला होता. एका प्रसिद्ध उपदेशकाने त्याला विचारलं की दिवसभराच्या धावपळीत देवाला बोलायला जागा कुठे आहे? त्यावर याने पहाटे पाच ते सहा हा तास राखून ठेवला, टेलिफोन वाजायला लागण्याच्या आधीचा. या तासात तो वही-पेन्सिल घेऊन बसे आणि मनात येईल ते लिहून ठेवी. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत त्याच्याभोवती जी चळवळ उभी राहिली, तिने हे ‘क्वाएट टाइम’ या नावाने घरोघरी नेलं. आलेले विचार प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थपणा आणि प्रेम या चार कसोट्यांवर घासून पाहायचे आणि मग एकमेकांना सांगायचे. १९३५ मध्ये मद्यपानातून सुटण्यासाठी जो संघ अमेरिकेत सुरू झाला, त्याची मुळं याच चळवळीत आहेत. त्याच्या बारा पायऱ्यांतल्या अकराव्या पायरीत प्रार्थना आणि ध्यान आहे ते उगाच नाही.

म्हणजे या चळवळीच्या ‘क्वाएट’मध्ये शांतता ही ऐकण्यासाठी होती. टीकाकारांनी तेव्हाच विचारलं, मनात आलेला विचार देवाचा की माझाच, हे कोण ठरवणार? प्रश्न रास्त होता. वहीत उमटलेलं सगळं ‘मार्गदर्शन’ म्हणून मिरवलं जाण्याचा धोका खराच होता. शास्त्राभ्यासावर भर देणाऱ्या विद्यार्थी मंडळांनी मग शब्द ठेवला आणि आतला माल बदलला. १९४५ मध्ये अमेरिकेत अशाच एका मंडळाने याच नावाची पुस्तिका काढली. आपण वापरतो तो शब्द या दुसऱ्या हातातून आला आहे. इथे शांतता म्हणजे उघडं पुस्तक आणि बंद दार. माझ्या मते या अदलाबदलीत ऐकणं जरा जास्तच कापलं गेलं. वही राहिली, पण तिच्यात आता उताऱ्याचे मुद्दे लिहितात.

‘मनन’ या शब्दाची गंमत आणखी वेगळी. यहोशवाच्या पुस्तकात ज्या हिब्रू क्रियापदासाठी आपण मनन म्हणतो, त्याचा मूळ अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं. यशयाच्या ३१ व्या अध्यायात शिकारीवर बसलेला सिंह गुरगुरतो, तिथे हेच क्रियापद आहे. दुसऱ्या स्तोत्रात राष्ट्रं व्यर्थ कट करतात तिथेही हेच. यात शांत असं काही नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी मिलानमधला एक बिशप ओठ न हलवता वाचतो, ही गोष्ट त्याला भेटायला येणाऱ्या एका तरुणाला मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटली. मूक वाचन तेव्हा किती विरळ होतं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण वचन जिभेवर घोळवणं हाच मननाचा जुना अर्थ, यावर वाद नाही. ज्यांचं मूक वाचनात लक्ष लागत नाही आणि जे त्याबद्दल स्वतःला कमी लेखतात, त्यांना हे सहसा कुणी सांगत नाही.

‘डिव्होशन’चं तिसरंच. मुळात समर्पण आणि भक्ती असा अर्थ. पण तारखेनिहाय एकेक पान असलेली पुस्तकं १८६० च्या दशकात लंडनमध्ये आणि त्रैमासिकं १९३५ पासून अमेरिकेत घरोघर पोचल्यावर हा शब्द त्या पानालाच चिकटला. पान वाचून झालं की डिव्होशन ‘झालं’.

जुलै २००८ मध्ये फोनवर बायबलचं अॅप आलं आणि या सगळ्या धाग्यांची एका पडद्यावर गाठ पडली. हेर्नहूटचं रोजचं वचन, लंडनचं कार्ड, केंब्रिजचा गजर, वर नोंदवही. सलग किती दिवस झाले तो आकडाही. खाडा पडला की तो पुन्हा एकपासून मोजला जातो. हा आकडा कुणाला उठवत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही, पांघरूण ओढणारी दोरी तरी वेगळं काय करत होती? पण डंडीच्या पाळकाने सांगितलेल्या चार धोक्यांपैकी निदान दोन तो आकडा रोज सकाळी समोर आणून ठेवतो.

त्या पाळकाचं वेळापत्रकही आता अॅपमध्ये मिळतं, रोजच्या चार अध्यायांसह. मूळ कागदावर त्या चारांच्या दोन जोड्या होत्या. एका जोडीवर ‘कुटुंब’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘एकांत’. फोनमध्ये चारही अध्याय बहुधा एकट्या माणसाच्याच नावावर लागतात, आणि मग मार्चअखेर लेवीयच्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता तो मागे पडतो.